दुपारी दोनचे दिवे

नाबोर किरोस एकोणिसाव्या वर्षी नगरपालिकेच्या खांबावर चढला आणि बासष्टाव्या वर्षापर्यंत नीटसा खाली उतरलाच नाही. सान आंद्रेस तेकोलान गावात जत्रा असो, स्वातंत्र्यदिन असो, कुणाच्या मुलीचा पंधरावा वाढदिवस असो, दिव्यांच्या माळा नाबोरच्या. वर खांबावर वीज, खाली शिडी धरायला कुणी नाही आणि तोंडात पक्कड, त्यामुळे बोलायची सवय त्याला लागलीच नाही. गाव म्हणे, माणूस सोन्यासारखा. गावाचं काय जातं? गावाने त्याच्याशी लग्न केलं नव्हतं.

लग्न केलं होतं इलारियाने. लग्नाच्या जेवणावळीत मंडपातले दिवे गेले तेव्हा नवरदेव अंगातल्या कोटासकट खांबावर गेला. फोटोवाल्याला पुढच्या गावी जायची घाई होती. म्हणून त्या फोटोत इलारिया आहे, तिची आई आहे, बँडमधला एक ट्रॉम्बोनवाला आहे आणि नाबोर नाही. मुलगी ब्रिहिदा जन्मली तेव्हा तो चर्चच्या मनोऱ्यावर होता. बातमी खालून ओरडून सांगावी लागली, आणि त्याने वरून "किती वॉटची?" असं विचारलं म्हणतात. ते खोटं आहे. "दोघी बऱ्या आहेत ना?" असं त्याने विचारलं होतं. पण खोटं जास्त मजेदार असल्यामुळे तेच टिकलं.

इलारिया भांडखोर नव्हती. ती फक्त बोलून दाखवायची. "गावभर उजेड पाडतोस, आणि आपल्याकडे दिव्याखाली अंधार," एवढं म्हणून ती पोळ्या भाजायला वळायची. फेब्रुवारीत तिच्या छातीत कफ भरला आणि तीन दिवसांत ती गेली. गेली त्या घटकेला नाबोर शाळेचा फ्यूज बदलत होता. डॉक्टरने सांगितलं होतं, आज बरं वाटतंय. शाळेत परीक्षा होती. मुलं अंधारात बसली होती. ही सगळी कारणं खरी होती आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की त्यातलं एकही कामाला येत नव्हतं.

म्हणून या वर्षी त्याने एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, दुपारी दोनला, आपण दारात उभं असायचं.

सान आंद्रेसमध्ये मेलेली माणसं त्या दिवशी दुपारी दोनला घरी येतात. चर्चच्या घंटा वाजायला लागल्या की ती दफनभूमीतून निघतात, आणि घरच्या कर्त्या माणसाने कोपालचा धूप घेऊन दारात उभं राहून त्यांना नावाने बोलवायचं असतं. जुन्यांचं ठीक आहे, ती सवयीने येतात. पण त्याच वर्षी गेलेल्या माणसाची काळजी असते. त्याने ती वाट एकदाच पाहिलेली असते, तीही आडव्याने. त्याच्यासाठी कबरीपासून उंबऱ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्या टाकतात, घरात पांढऱ्या साटीनची छताला भिडणारी मांडणी करतात, आणि गावातला कुणीही एक मेणबत्ती घेऊन त्या घरात येऊ शकतो. याला नवं मेण म्हणतात. येईल त्याला जेवू घालायचं आणि त्या दोन दिवसांत त्या छपराखाली कुणी कुणावर आवाज चढवायचा नाही, असा रिवाज आहे.

हे सगळं व्यवस्थित चाललं होतं म्हणूनच नगरपालिकेला त्यात सुधारणा सुचली असावी.

सुधारणेचं नाव होतं 'आत्म्यांची वाट'. नगरपालिकेचे सेक्रेटरी उबाल्दो यांनी राजधानीतून रेनाता नावाची एक कलावंत बाई आणली होती. ती प्रकाशाची शिल्पं करायची. तिची शिल्पं म्हणे परदेशातल्या नदीकाठी उभी होती. इथे तिने दफनभूमीच्या फाटकापासून चौकापर्यंत बाराशे दिवे लावायचं ठरवलं. काचेचा झेंडू, आत दिवा, खाली हातभर सळई. दिवे बॅटरीवर चालणारे, एक अख्खा दिवस चार्ज केले की चार तास पुरणारे. फाटकाजवळ सगळे दिवे एकदम लावणारी एक पेटी, पेटीला एक किल्ली. बाराशे सळया रोवण्यात नाबोरचे तीन आठवडे गेले. रेनाता वाईट नव्हती. ती त्याला काका म्हणायची, त्याच्यासाठी कॉफी आणायची आणि सळई बोटभर वाकडी गेली की स्वतः गुडघ्यावर बसून सरळ करायची. तिने गावातल्या मृतांबद्दल पुष्कळ वाचलं होतं. फक्त ती येतात किती वाजता, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, आणि विचारायचं कुणाला सुचलं नाही.

दिव्यांची रेघ स्वच्छ दिसावी म्हणून नगरपालिकेने नोटीस काढली की यंदा दफनभूमीच्या रस्त्यावर पाकळ्या टाकू नयेत. लोक कुरकुरले, मग म्हणाले, पाकळ्या काय नि दिवे काय, वाट दिसल्याशी कारण. आणि एकतीस तारखेच्या सकाळी, शेवटची पाहणी चालली असताना, नाबोरची शेजारीण प्राक्सेदेस पानांत वाफवलेल्या तामालची टोपली डोक्यावर घेऊन तिथे थांबली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. तिची आई एप्रिलमध्ये गेलेली, म्हणजे तिच्याही घरी नवं मेण.

"पोरी, दिवे दोनला लागतील ना?"

"रात्री दोनला?" रेनाताने विचारलं.

"रात्री कोण येतंय मरायला! दुपारी दोनला."

रेनाता हसली. "आजी, भर उन्हात दिवे दिसतील का?"

"कुणाला?"

"लोकांना."

"लोकांसाठी लावलेत होय?" प्राक्सेदेसने टोपली खाली ठेवली. टोपली खाली ठेवली की ती लवकर उचलत नाही, हे उबाल्दोंना माहीत होतं. ते लगबगीने पुढे आले.

"प्राक्सेदेसबाई, संस्कृती खात्याचे संचालक येऊन संध्याकाळी सातला बटण दाबणार आहेत. पत्रिकेत छापलंय."

"संचालक मेलेत का?"

"नाही हो!"

"मग त्यांना कसली घाई?"

"अहो, एक वर्ष पाच तास उशीर झाला तर काय बिघडलं? मृतांना कुठे जायचंय?"

"घरी," प्राक्सेदेस म्हणाली. "सातपर्यंत कबरीवर बसून राहील होय माझी आई? चौऱ्याण्णव वर्षांची आहे ती. आणि तुमचे दिवे म्हणजे वरातीमागून घोडं. नाबोरदादा, तू काही बोल ना!"

नाबोरच्या तोंडात पक्कड होती. त्याने ती काढली, पुसली आणि परत तोंडात धरली. खालमानेने सळई ठोकत राहिला. संध्याकाळी उबाल्दोंनी किल्ली त्याच्याच हवाली केली, कारण या गावात किल्ली हरवत नाही असा एकच खिसा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे अर्ध्या गावाने नोटीस मोडली. इलारियाच्या कबरीपासून घरापर्यंत नाबोरने आणि ब्रिहिदाने स्वतःच्या हाताने पाकळ्या टाकल्या. दुपारी बाराला नगरपालिकेची झाडूगाडी आली आणि तासाभरात सगळा रस्ता बोडका करून गेली. गाडी चालवणारा नाबोरसमोरून जाताना म्हणाला, "काका, माझीही आजी आहे हो त्यात," आणि झाडतच पुढे गेला. हुकूम म्हणजे हुकूम.

पावणेदोनला नाबोर दारात होता. धुतलेला सदरा, चापून बसवलेले केस, नवी टोपी, हातात धुपाटणं. आत मांडणीवर इलारियाचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता आणि समोर आरसा, कारण गेलेल्या माणसाकडे सरळ बघायचं नसतं. मोलेच्या तिखट रश्शाचा वास गल्लीपर्यंत जात होता. सगळं जसं हवं तसं होतं आणि नाबोरचं लक्ष रस्त्याकडे होतं. रस्त्यावर एक पाकळी नव्हती. नऊ महिन्यांपूर्वी खांद्यावरून नेलेली बाई, तीन वळणं, एक ओढा आणि दोन्हीकडे सारखीच दिसणारी घरं. ती सरळ चौकात गेली तर? चौकात संचालकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. इलारिया कुठल्या तरी खुर्चीत पाय दुखतात म्हणून बसली असेल आणि आपण इथे धूप हलवत उभे राहू, असं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि जाईना. खिशातली किल्ली मांडीला टोचत होती.

"ब्रिहिदा, हे धर जरा. पाच मिनिटांत आलो."

ब्रिहिदाने धुपाटणं घेतलं नाही. "बाबा, दोनला सात मिनिटं आहेत."

"हो. म्हणूनच."

"आज तरी? आज तरी, बाबा? तुम्ही आत्ता दाराबाहेर पडलात ना, तर आई आल्या आल्या तिला सगळं सांगेन मी."

"सांग," नाबोर म्हणाला. धुपाटणं उंबऱ्यावर ठेवलं आणि पळत सुटला. बासष्ट वर्षांचा माणूस पळतो तसा, म्हणजे हात जास्त आणि पाय कमी.

तो फाटकापाशी पोचला आणि पहिली घंटा पडली. त्याने किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. म्हणजे झालं असेल, पण दुपारच्या त्या उन्हात बाराशे काचेची फुलं होती तशीच दिसत होती. पेटी बिघडली की काय? मग त्याने टोपी काढली, खाली बसला आणि एका दिव्यावर टोपी झाकून कडेने आत डोकावला. टोपीच्या आत पिवळा धमक उजेड होता.

"लागलाय?" मागून आवाज आला. प्राक्सेदेस फाटकाला टेकून उभी होती. तिच्यामागे आणखी पंधरावीस माणसं होती, काहींच्या खिशात पाकळ्याही होत्या. बोडक्या रस्त्यावर आपापल्या माणसांना निदान हाताने खुणा कराव्यात म्हणून ती आली होती.

"लागलाय."

विश्वास कोण ठेवतो? प्राक्सेदेसने एका दिव्यावर शाल टाकली आणि आत डोकं घातलं. "लागलाय गं बाई!" मग जो तो आपापला दिवा बघायला लागला. टोप्या, पदर, एकाने पोराचं दप्तर. रस्ताभर माणसं ओणवी होऊन झाकून झाकून बघत होती आणि "लागलाय", "हाही लागलाय" असं एकमेकांना सांगत होती. वरून घंटा वाजत होत्या. संचालकांनी हा देखावा पाहिला असता तर गावाला वेड लागलं असं कळवलं असतं, पण संचालक तेव्हा पंचवीस किलोमीटरवर उबाल्दोंच्या खर्चाने कोकराचं मटण खात होते.

"अर्ध्या तासाने बंद करतो," नाबोर म्हणाला. "मग संध्याकाळला पुरतील."

"अर्ध्या तासात?" प्राक्सेदेस कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझी आई चौऱ्याण्णवची. तिला न्हाणीघरातून पडवीत यायला पाऊण तास लागायचा. मधेच वाट बंद करणार तू? तिला ओढ्यात पाडणार?"

एकजण म्हणाला, माझे वडील तर पिऊन येणार. त्यांचं काय खरं नाही.

नाबोरने किल्लीकडे पाहिलं आणि खिशात टाकली. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की घंटा थांबल्या आहेत. दोन वाजून गेले होते. दारात धूप होता, मुलगी होती आणि पुन्हा एकदा तो नव्हता. लग्नात नव्हता, बाळंतपणात नव्हता, शेवटच्या घटकेला नव्हता आणि आता मेल्यावरही नव्हता. त्याला रडू आलं. शरमेने आलं, आणि तिची फार आठवण आली म्हणूनही आलं. लोक दिवे बघण्यात गुंतले होते, हे त्यातल्या त्यात बरं.

मग त्याने विचार केला. ती दारातून आत जाईल तेव्हा जाईल. पण निघणार ती इथून. वाट एकच आहे.

तो फाटकाच्या तोंडाशी उभा राहिला, टोपी हातात धरली आणि हळूच म्हणाला, "इलारिया, चल. इकडून."

आणि चालायला लागला. पन्नास पावलं गेल्यावर थांबला, कारण तो नेहमीच्या चालीने चालत होता. तिचा डावा गुडघा दुखायचा. तो दहा पावलं पुढे आणि ती मागून विचारणार, "पुढे काय जेवण वाटतायत का?" असं त्यांचं आयुष्यभर चाललं. तो पन्नास पावलं मागे आला आणि पुन्हा निघाला, या खेपेला एकेक पाऊल. दर चारपाच दिव्यांनी वाकायचं, टोपी झाकायची, उजेड दाखवायचा, थांबायचं. ओढ्यापाशी त्याने रिकामा हात पुढे केला. कुणी बघत असेल तर बघू दे, असं त्याला वाटलं, आणि असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं.

शेवटच्या वळणावर रेनाता भेटली. ती संचालकांच्या जेवणावरून पाहुण्यांच्या आधी परतली होती. "काका, सगळं ठीक ना? ऊन फार आहे हो, टोपी घाला." तिने एक कलता दिवा सरळ केला, स्वतःच्या पेटलेल्या शिल्पाचा मोबाईलवर फोटो काढला आणि "संध्याकाळी बघा, काय दिसेल!" असं म्हणून गेली. नाबोर बाजूला सरकून उभा राहिला. एका माणसाला लागते त्यापेक्षा जरा जास्त जागा त्याने सोडली होती.

दहा मिनिटांच्या वाटेला पन्नास मिनिटं लागली. ब्रिहिदा दारात होती. तिने नुसतं आत बोट दाखवलं, कारण माणसं यायला लागली होती. मेणबत्त्या घ्यायच्या, लावायच्या, बसा म्हणायचं, वाढायचं. त्या गडबडीत नाबोरला किल्ली आठवली तेव्हा साडेसहा झाले होते.

सातला काय झालं ते सांगण्यासारखं नाही. संचालकांनी बटण दाबलं. अंधार होता तो तसाच राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं. उबाल्दोंनी दाबलं. रेनाता पेटीकडे धावली, आणि पेटीपाशी नाबोर टोपी हातात घेऊन उभा होता. "संपले," तो म्हणाला. "दोनला लावले होते. तीनला बंद करणार होतो." संचालक अनुभवी गृहस्थ होते. या अंधारात आपल्या पूर्वजांचं मौन आपल्याला ऐकू येतं, असं बारा मिनिटांचं भाषण त्यांनी केलं, उबाल्दोंनी टाळ्या वाजवल्या, आणि राजधानीच्या एका वर्तमानपत्राने पुढे त्या अंधाराला धाडसी म्हटलं. टाळ्या थांबल्यावर उबाल्दो नाबोरच्या कानाशी आले. "उद्यापासून येऊ नकोस." त्रेचाळीस वर्षांच्या नोकरीला चार शब्दही लागले नाहीत.

रेनाता मात्र भाषणाने फसली नाही. तासाभराने ती नाबोरच्या घराकडे निघाली तेव्हा तिचे डोळे लाल होते. गल्लीच्या तोंडाशी प्राक्सेदेसने तिला अडवलं आणि तिच्या हातात एक मेणबत्ती दिली. "भांडायला चाललीस तर खुशाल जा. पण त्या घरात रिकाम्या हाताने जाऊ नको."

त्यामुळे झालं असं की रेनाता आली, मेणबत्ती द्यावी लागली, मग बसावं लागलं, मग ब्रिहिदाने ताट आणलं. तोंड उघडलं की मोले, ताट रिकामं झालं की पुन्हा मोले. आवाज चढवायची तर सोयच नव्हती. तीन आठवडे घोकून यावं असं भांडण त्या बाईने घासाघासाने गिळलं. गरम चॉकलेटचा पेला अर्धा झाल्यावर तिने मान वर करून खोली पाहिली. खोलीत शंभरेक मेणबत्त्या होत्या. आरशात इलारिया होती, जरा कंटाळलेली, फोटोवाल्याची वाट बघताना माणसं दिसतात तशी.

"मी तिथून गेले," रेनाता म्हणाली. "दुपारी. पेटलेले होते?"

"हो."

"तुम्ही मला सांगितलं नाही."

"तुम्ही बंद केले असते."

"केले असते," ती म्हणाली. मग तिने आरशाकडे पाहिलं. "मुलगी म्हणते, दोनला तुम्ही दारात नव्हता."

"नव्हतो."

"मग त्या… आल्या का?"

दुसरा कुणी असता तर आली म्हणाला असता. गावात सगळे तसंच म्हणतात, आणि म्हणता म्हणता खरं होतं. नाबोरने टोपी मांडीवर फिरवली. ब्रिहिदा पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. दुपारपासून ती त्याच्याशी बोललेली नव्हती.

"ते मला नाही कळलं, बाई," तो म्हणाला. "मी न्यायला गेलो होतो."

ब्रिहिदाने पातेलं खाली ठेवलं.

"गुडघा दाखवून शहराच्या इस्पितळातून चारदा आली ती. एकटीच यायची बसने, पिशवी घेऊन. मी कधी स्टँडवर गेलो नाही." त्याने मुलीकडे पाहिलं आणि पुन्हा टोपीकडे. "म्हटलं, एकदा तरी जावं."